मध्ये खड्डा होता की उंचवटा

साकीनाक्याच्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं बाटल्यांची झाकणं तपासली. समोर झाकणांचा ढीग, वर ट्यूबलाइट, डावीकडे चांगल्या मालाचा क्रेट, उजवीकडे खराब मालाचा. कुठे प्लास्टिक कमी भरलंय, कुठे कडेला जास्तीची पापडी आलीय, हे मला झाकण हातात घेण्याआधीच दिसायचं. माझी नजर चांगली आहे असं सगळे म्हणायचे आणि मलाही ते खरं वाटायचं. मग मालकांनी कारखाना वसईच्या पुढे हलवला. घाटकोपरहून रोज तिकडे जाणं मला जमणारं नव्हतं. घरी सासरे दिवसभर एकटे, त्यांना मोतीबिंदूमुळे जेमतेम दिसायचं. मी काम सोडलं.

काही महिन्यांनी जुन्या कारखान्यातल्या मशीन सेटरचा फोन आला. अंधेरीच्या एमआयडीसीत एका मॅडमनी गाळा घेतलाय, काम प्लास्टिकचंच आहे, माल तपासायला नजर असलेलं माणूस हवंय. अंधेरी म्हणजे मेट्रोने पंधरा-वीस मिनिटं. दुसऱ्याच दिवशी गेले.

मॅडम माझ्यापेक्षा निदान पंधरा वर्षांनी लहान होत्या. त्यांचे वडील परभणीकडून मुंबईला आलेले, मुलुंडला स्थिरावलेले. मुलीने प्लास्टिकमध्येच मोठं शिक्षण घेतलं, परदेशी जायची संधी सोडली आणि हा गाळा टाकला. मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "ताई, तुम्ही मला मॅडम म्हटलं नाही तरी चालेल." मी म्हटलं, "सवय आहे हो." त्या हसल्या, आणि मॅडमच राहिल्या.

तिथलं काम समजायला मला फार दिवस लागले. आमच्या झाकणांच्या कारखान्यात प्लास्टिक वितळवून, पार पातळ करून, पिचकारीसारखं जोरात साच्यात मारायचे. दोन सेकंदांत झाकण तयार. इथे ॲक्रिलिकची तळहाताएवढी पट्टी घ्यायची, तिच्यावर निकेलचा साचा ठेवायचा आणि दोघांना प्रेसच्या दोन तव्यांमध्ये सारायचं. पंपाने आतली हवा खेचून घ्यायची. मग तवे तापवायचे. ॲक्रिलिक वितळत नाही, नुसतं नरम पडतं. वरून दाब दिला की ते नरम प्लास्टिक साच्यातल्या पोकळ्यांमध्ये हळूहळू चढतं. दाब तसाच ठेवून सगळं थंड करायचं आणि साचा अलगद सोडवायचा. एका पट्टीला अर्धा तास. पहिल्या दिवशी मी तीनदा घड्याळ पाहिलं, मशीन बंद पडलंय की काय असं वाटून.

एका पट्टीतून बारा चिप निघायच्या. रक्ताची तपासणी करायच्या चिप. प्रत्येक चिपवर केसाएवढ्या बारीक खांबांच्या रांगा आणि त्यांच्या शेजारी एक चौकोनी चौथरा, मुगाच्या दाण्याएवढा रुंद आणि जेमतेम कागदाएवढा उंच. त्या चौथऱ्यावर औषधाचा थेंब वाळवायचा असायचा, म्हणून तो वरून एकदम सपाट हवा. खांब उत्तम यायचे. चौथरा यायचा नाही. बंगळुरूच्या ज्या लोकांसाठी हा माल करायचा होता त्यांनी पहिले नमुने परत पाठवले. थेंब सारखा पसरत नाही, एवढंच त्यांनी कळवलं होतं.

मला हेच उलटं वाटायचं. साच्यातल्या खांबांच्या केसाएवढ्या भोकात प्लास्टिक तळापर्यंत जातं आणि एवढ्या मोठ्या रुंद जागेत जात नाही, हे कसं? झाकणांच्या कारखान्यात बारीक जागाच अडायच्या. रुंद जागा आपसूक भरायच्या. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ताई, इथे प्लास्टिक पळत नाही, सरकतं." मी मान हलवली. समजलं काहीच नव्हतं.

चौथरा नक्की कसा झालाय हे बघायचं काम माझं. गाळ्यात एक साधा मायक्रोस्कोप होता, कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो तसा. चिप आरपार दिसणारी, म्हणून खालचा दिवा बंद करून मी उजवीकडे टेबललॅम्प ठेवला, म्हणजे तिरका उजेड पडून उंचसखल कळेल. आणि मला अगदी स्पष्ट दिसलं. चौथऱ्याच्या मध्ये उंचवटा होता. गोलसर, पुरी फुगावी तसा. दिव्याकडची बाजू उजळ, पलीकडे सावली. कडा मात्र खाली राहिलेल्या.

मी मॅडमना हाक मारली. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. मधून वर चढतंय आणि कोपऱ्यांपर्यंत पोचत नाहीये." त्यांनी वहीत चित्र काढून दाखवलं. खाली नरम प्लास्टिक, वर पोकळी, पोकळीच्या तोंडातून मध्ये फुगा वर आलेला. मलाही पटलं. मऊ वस्तू भोकातून दाबली की मधूनच वर येणार. त्यात न पटण्यासारखं काय होतं?

"मग कोपऱ्यात ढकलायला जोर लावावा लागेल," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही उष्णता वाढवली आणि दाबही वाढवला. मी रोज बघत होते. उंचवटा थोडा कमी झाला असं वाटायचं, मग वाटायचं तेवढाच आहे. मॅडम विचारायच्या, "काय वाटतं?" मी सांगायचे, "अजून आहे." त्या पुन्हा दाब वाढवायच्या. माझ्या "अजून आहे"वर प्रेसचा काटा पुढे सरकत होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

पाचव्या दिवशी साचा सुटेना. पट्टी साच्याला घट्ट धरून बसली होती. मॅडमनी पातळ पात्याने कडेकडेने सोडवायला घेतलं. टक् असा आवाज आला. पट्टी हातात आली, पण तिच्यावरचे निम्मे खांब मोडून साच्याच्या भोकांत राहिले होते. केसाएवढ्या भोकांत अडकलेलं प्लास्टिक काढणार कसं? सुईने काढायला गेलं तर भोक खराब होणार, आणि रसायनात बुडवून विरघळवायचं म्हटलं तरी भोकाच्या तळाचं निघत नव्हतं. दोन दिवस प्रयत्न करून मॅडमनी साचा पुसला, त्याच्या डबीत ठेवला आणि नवीन करायला सांगितला. तो यायला तीन आठवडे लागणार होते.

त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

खराब चिपमधल्या चार-पाच मी पर्समध्ये टाकून घरी आणल्या. का आणल्या, सांगता येणार नाही. घरी चष्मा लावून, खिडकीत धरून पाहत बसले. सासऱ्यांनी विचारलं, "काय गो, काय बघतंस?"

सासरे मूळचे कणकवलीकडचे. उमेदीची सगळी वर्षं गिरणीत, साचेखात्यात. गिरणीत मागालाच साचा म्हणायचे, त्यामुळे मी कधी साच्याबद्दल बोलले की त्यांच्या डोळ्यांपुढे माग यायचा आणि आमचं बोलणं भलतीकडे जायचं. त्या दिवशीही तसंच झालं. "साचो बिघडलो?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "धोटो अडाकलो आसतलो," ते म्हणाले, म्हणजे मागावर आडवं सूत नेणारा धोटा. मी म्हटलं, "पप्पा, तो साचा नाही हो." आणि त्यांच्या तळहातावर एक चिप ठेवली.

त्यांनी अंगठ्याने ती चाचपली. मग करंगळीचं नख चौथऱ्यावरून हळूच फिरवलं, इकडून तिकडे आणि परत.

"मदी खड्डो आसा," ते म्हणाले.

"नाही पप्पा. मध्ये उंच आहे. मी मायक्रोस्कोपमधून बघितलंय."

"माका काय म्हाइत. हाताक लागला ता सांगलंय."

मी दुसरी दिली. तिच्यातही खड्डा. तिसरीतही. चौथी दिली तर म्हणाले, "हेच्यात नाय. ह्या सगळा सपाट आसा." मी पाहिलं तर चौथी त्यांनी पालथी धरली होती, नख पाठीवरून फिरत होतं. मला हसू आलं आणि हायसंही वाटलं. ज्यांना चिप सुलटी की पालथी ते कळत नाही, त्यांच्या नखावर कुठे विश्वास ठेवायचा? मी चिप गोळा केल्या आणि स्वयंपाकाला लागले. पण कुकर लावताना, पोळ्या करताना तेच डोक्यात. आधीच्या तीन तर त्यांनी सुलट्या धरल्या होत्या.

साचा नव्हता त्यामुळे गाळ्यात काम थोडं. मी जुने नमुने धुऊन, पुसून, डब्यांत लावून ठेवत होते. धुतलेल्या चिप मी निथळायला चाळणीत ठेवल्या आणि हलवल्या. पाणी सगळीकडून ओघळून गेलं. प्रत्येक चौथऱ्याच्या मध्ये मात्र एकेक थेंब राहिला. मी पुन्हा झटकलं. थेंब तिथेच. उंचवट्यावर पाणी थांबतं का? थांबेलही, इतक्या लहान थेंबाचं काय सांगावं, चिकटून बसलं असेल. मी एक चिप कोरडी करून परत मायक्रोस्कोपखाली ठेवली. उंचवटा. डोळा काढला, चिपवर पाण्याचा थेंब टाकला, झटकलं. थेंब मध्येच. पुन्हा डोळा लावला. उंचवटा.

असं मी किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी टेबललॅम्प उजवीकडून उचलून डावीकडे ठेवला, निव्वळ काहीतरी करायचं म्हणून. डोळा लावला तर मध्ये खड्डा. चिप तीच, मी हातही लावला नव्हता. लॅम्प परत उजवीकडे ठेवला, उंचवटा. डावीकडे, खड्डा. मग थोड्या वेळाने असं झालं की लॅम्प कुठेही असला तरी मला एकदा खड्डा दिसायचा, एकदा उंचवटा, डोळा मिटून उघडला की बदलायचा. माझं डोकं गरगरायला लागलं. मी उठून तोंडावर पाणी मारून आले.

चार दिवस मी कुणाला काही बोलले नाही. भीती होती हे खरं, पण त्याहून जास्त गोंधळ होता. सांगू तरी काय? मला खड्डा दिसतो असं सांगू, की मला काहीच नीट दिसत नाही असं सांगू? एकोणीस वर्षं ज्या नजरेवर पगार घेतला तीच अशी करायला लागली तर माणसाने काय धरून चालायचं? मध्येच असंही वाटायचं की झाकणांच्या कारखान्यातही मी असंच उलटसुलट पाहिलं असेल, आणि कितीतरी चांगली झाकणं उजवीकडच्या क्रेटमध्ये टाकली असतील. मेट्रोच्या खिडकीतून मरोळच्या इमारती बघताना मला त्यांच्या गच्च्या आत गेल्यासारख्या दिसायच्या. मीच मग मान फिरवायचे.

पाचव्या दिवशी दुपारी डबा खाताना बोलून टाकलं. "मॅडम, मला वाटतं मध्ये उंचवटा नाहीये. खड्डा आहे. म्हणजे मला नक्की माहीत नाही. पण पाणी मध्ये थांबतं. आणि माझ्या सासऱ्यांच्या नखालाही तसंच लागलं."

मॅडमनी घास खाली ठेवला. "सासऱ्यांच्या?"

मी सगळं सांगितलं. पालथ्या चिपचंही सांगितलं, लपवलं नाही. त्या हात धुऊन सरळ मायक्रोस्कोपकडे गेल्या. मी लॅम्प इकडे-तिकडे करून दाखवला. मग त्यांनी मला डोळा लावायला सांगितलं, चिमट्याने चिप उजवीकडे सरकवली आणि म्हणाल्या, "बघा, कुठे गेली?"

"डावीकडे," मी म्हटलं. "यात सगळं उलटंच दिसतं ना."

"उजेडही उलटाच दिसतो, ताई. लॅम्प उजवीकडे आहे, पण आत बघताना तो डावीकडून येतोय. आपण धरून चाललो की उजळ बाजू म्हणजे लॅम्पकडची बाजू. प्रत्यक्षात ती लॅम्पपासून लांबची बाजू आहे, आणि खड्ड्यात तीच उजळते."

मला हे पटायला बराच वेळ लागला. चिप उलटी सरकते हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रोज त्याप्रमाणे हात चालवत होते. मग उजेडाचं का सुचलं नाही? मी म्हटलं, "म्हणजे माझ्यामुळे साचा गेला."

"मीही बघितलं होतं," मॅडम म्हणाल्या. "आणि मला ते बघायच्या आधीच माहीत होतं की मध्ये उंच असणार. तुम्ही निदान न ठरवता बघितलंत."

त्यांनी हे माझं मन राखायला म्हटलं की खरंच, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

पण खड्डा का पडावा, हे आता दोघींनाही कळत नव्हतं. मॅडम वहीतल्या जुन्या चित्राकडे बघत बसल्या होत्या. तेव्हा मला झाकणांच्या कारखान्यातला सेटर आठवला. नवीन साचा आला की तो मुद्दाम अर्धवट झाकणं काढायचा. पाव भरलेलं, अर्धं भरलेलं, पाऊण भरलेलं, आणि ओळीने मांडायचा. प्लास्टिक कुठल्या वाटेने येतं ते त्यात दिसायचं. मी म्हटलं, "आपण प्रेस मध्येच थांबवून बघू या का? थोडंच चढू द्यायचं आणि थंड करायचं."

"साचा कुठे आहे?"

"जुन्यातली खांबांची भोकं गेलीत. चौथऱ्याच्या जागा तर चांगल्याच आहेत."

मॅडम डबीतून साचा काढायला उठल्या.

आम्ही एक पट्टी पंधरा सेकंद दाबून थंड केली. दुसरी अर्धा मिनिट, तिसरी एक मिनिट, मग दोन, मग पाच. दोन दिवस त्यात गेले. या वेळी वरून बघायचंच नाही असं ठरलं. प्रत्येक चिप मधोमध कापायची, कापलेली कड बारीक पॉलिश पेपरवर घासून गुळगुळीत करायची आणि ती कड मायक्रोस्कोपखाली धरायची. खालच्या बाजूला मी मार्करने काळी रेघ मारून ठेवली, म्हणजे आत कितीही उलटं दिसलं तरी काळी रेघ ती खालची बाजू. माझ्याकडून एवढी खबरदारी मी घेतली.

पंधरा सेकंदांच्या चिपमध्ये चौथरा असा नव्हताच. पोकळीच्या दोन्ही भिंतींच्या जागी दोन छोट्या लाटा तेवढ्या वर आल्या होत्या. मधलं प्लास्टिक जागचं हललंच नव्हतं. अर्ध्या मिनिटाला लाटा भिंत धरून आणखी चढल्या. एका मिनिटाला त्या पोकळीच्या वरच्या टोकाला टेकल्या होत्या आणि मध्ये झोळ होता, दोन दोऱ्यांवर वाळत घातलेल्या चादरीला पडतो तसा. दोन मिनिटांना झोळ कमी. पाच मिनिटांना थोडासाच. मी पाचही तुकडे पांढऱ्या कागदावर ओळीने मांडले आणि बघत राहिले. प्लास्टिक मधून वर येत नव्हतं. भिंतींना धरून चढत होतं, आणि मधल्या जागेत सगळ्यात शेवटी पोचत होतं.

मॅडमनी समजावलं. साच्याचा भरीव भाग पट्टी दाबतो, तिथलं नरम प्लास्टिक बाजूला सरकतं आणि पोकळीच्या काठाशीच आधी वर येतं. आमची पट्टी पातळ होती, त्यामुळे मधल्या भागापर्यंत पोचायला त्याला खालून जागाच नव्हती. बारीक भोकात दोन्ही काठ इतके जवळ की लाटा लगेच एक होतात. जोर वाढवायची गरज नव्हती. पट्टी जाड हवी होती आणि थांबायला हवं होतं. मी विचारलं, "मग जोर वाढवल्यावर उंचवटा थोडा कमी झाल्यासारखा वाटायचा, तो?"

"खड्डा भरत होता," मॅडम म्हणाल्या. "आपण बरोबर दिशेने चाललो होतो, चुकीच्या कारणासाठी. आणि खांब मोडून घेतले."

हे ऐकून मी आणखीनच गोंधळले. म्हणजे आम्ही चुकलो होतो की नव्हतो?

नवीन साचा आला. जाड पट्टी, पूर्वीचीच उष्णता, पूर्वीचाच दाब, पण बारा मिनिटं थांबायचं. साचा न कुरकुरता सुटला. मी चिप धुतल्या, चाळणीत हलवल्या, आणि चौथऱ्यांवर थेंब राहिला नाही. तरी दोन चिप कापून पाहिल्या. वरची रेघ सरळ होती. बंगळुरूच्या लोकांनी तो माल ठेवून घेतला आणि पुढचा मागवला. मी घरी जाऊन सासऱ्यांना सांगितलं की तुमचं बरोबर होतं. ते म्हणाले, "कसला?" त्यांना काही आठवत नव्हतं.

यंदा एका वेगळ्या कामासाठी आणखी एक साचा आला. त्यातले चौथरे पूर्वीपेक्षा खूप अरुंद आहेत आणि पट्टी तीच जाड. मी आपणहून पंधरा सेकंदांची चिप काढली, कापली, घासली, काळी रेघ मारली आणि बघितलं. या वेळी प्लास्टिक मधूनच वर आलं होतं, फुग्यासारखं, आणि कोपरे रिकामे होते. अगदी मॅडमच्या वहीतल्या त्या जुन्या चित्रासारखं. मी काळी रेघ तपासली. ती खालीच होती. दुसरी चिप कापली. तेच.

मॅडमना बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "अरुंद आहे ना, म्हणून दोन्ही लाटा मध्येच एक होतात. दोन्ही खरं आहे, ताई. लिहून ठेवा."

मी वहीत तारीख टाकली आणि लिहिलं की मध्ये उंचवटा आहे. मग जरा थांबून कंसात लिहिलं की पुन्हा एकदा पाहावं.